धाकटीच्या वाट्याचं पाणी

४ ऑक्टोबर
धाकट्या बहिणीचा फोन. रोपवाटिकेतली आणखी चारशे रोपं गेली. पानांच्या कडा करपतात, मग रोप मान टाकतं. नदीचं पाणी खारट झालंय म्हणाली. मी हं हं करत ऐकून घेतलं. ती नदीच्या खालच्या अंगाला, मी वरच्या. मी काय करणार?

९ ऑक्टोबर
माती तपासणाऱ्या मॅडम आल्या होत्या. काठावरच्या सगळ्याच बागा बघतायत. आमच्या लिंबाच्या बागेत कमरेइतका खड्डा खणला. तळाला चिखल.
"मुळं इथवरच आहेत, पाणी मात्र कितीतरी खाली जातंय. तिथे जुनं मीठ आहे. ते घेऊन नदीत उतरतं."
मग बांधाखाली नेलं. काठातून पाणी पाझरत होतं, भोवती पांढरा थर. जिभेला लावून बघितला — थू. आणि पुढच्याच वळणावर धाकटीचा पंप.
दर रविवारी मीच तिच्याकडे जाऊन मेलेल्या रोपांवर हळहळते!

१० ऑक्टोबर
सासऱ्यांना सांगितलं. "चाळीस वर्षं पाट भरून पाणी देतोय. आता झाडं तहानलेली ठेवू?" विषय संपला.

१३ ऑक्टोबर
सासरे सकाळीच न सांगता बाहेर पडले, दुपारी परतले. धाकटीकडे गेले होते! ती रिकामे ट्रे धूत बसली होती. प्यायला पाणी मागितलं तर तिने बाटलीतलं आणलं. सासरे म्हणाले, "नळाला येतं ते नदीचं दे." पेलाभर प्यायले.
जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "त्या मॅडमना फोन लाव. ठिबकचं विचार."
तोंडावर सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते — देवमाणूस आहे.

२ नोव्हेंबर
नळ्या अंथरून झाल्या. मातीत ओल मोजणारं यंत्रही बसवलं. काटा सांगेल तेव्हाच पाणी. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "बागेला सलाईन लावलंय." मॅडम हसून हसून बेजार.

१७ नोव्हेंबर
सासऱ्यांनी दोनदा चोरून पाट सोडला. दोन्ही वेळा स्वतःच येऊन कबूल केलं.

२८ जानेवारी
बांधाखालचा पाझर आटला. बागेला लागणारं पाणी निम्म्यावर आलंय, लिंबं तेवढीच. शेजारच्या दोन बागांतही नळ्या आल्या. मॅडम दर पंधरवड्याला धाकटीच्या पंपाजवळच्या पाण्यातलं मीठ मोजतात. आकडा उतरतोय. किती जणांचे उपकार मानू?

२३ मार्च
धाकटीकडे गेले. रोपं तरारलीत. एकदाचं सांगून टाकलं — तुझं पाणी माझ्या बागेमुळे बिघडत होतं.
ती ट्रेमध्ये माती भरत राहिली. "तीन वर्षांपासून माहितीये, ताई."
"मग बोलली का नाहीस?"
"तू यायची बंद झाली असतीस."