रस्त्यापलीकडचं माहेर

द्वारका, रस्त्याच्या अलीकडून
१२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
प्रभाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र कल्पनाच्या हाती पाठवते आहे. ती माझ्याकडची पोळीभाजी संध्याकाळी करते आणि तुमच्याकडची भांडी सकाळी सहाला. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, म्हणून ती धावत ओलांडते. समोरासमोरच्या सोसायट्यांत राहणारी सख्खी भावंडं पत्रं लिहितात, हे ऐकून शेजारची हरमीत पोट धरून हसली. तिला कुठे माहीत की तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू ड्रॉवरला ऐकवत ठेवलं आहेस!

तुझ्याकडे चारच्या चहाला यायची सवय सुटता सुटत नाही. पण गेल्या महिन्यात गोरे वकिलांना गाडीने उडवलं, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि परीक्षितने आमच्या गेटवरच्या धीरजला सांगूनच ठेवलं की आईला एकटीला पुढच्या गेटने सोडायचं नाही. मुलगा माझ्या काळजीनेच करतो, पण मी नजरकैदेत आहे हे खरं. पादचारी पूल लांब, त्याची लिफ्ट बंद, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. गाडीने यायचं तर लांबचा यू-टर्न घ्यावा लागतो, म्हणून कॅबवाले एवढ्याशा भाड्याला नाही म्हणतात. परीक्षितला महिन्यातून एखादा रविवार मिळतो.

सकाळी आठला तू बाल्कनीतून टॉवेल हलवतोस, मी पदर हलवते. सध्या एवढंच आपलं येणंजाणं.

तू जन्मभर केंद्र सरकारच्या मंत्रालयात फायली हलवल्यास. आता एक अर्ज आपल्यासाठी लिही. त्या वेगमर्यादेच्या पाटीवरच्या साठचे चाळीस करून घे. घरांच्या मधून जाणारा रस्ता आहे, विमानाची धावपट्टी नाही.

सूनबाई मीनाक्षीला आणि सुधन्वाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो दुभाजकापाशी अडू नये.

तुझी,
प्रभा


द्वारका, रस्त्याच्या (खऱ्या) अलीकडून
२९ ऑगस्ट २०२५

चि. प्रभा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रास अनुसरून अर्ज केला, स्मरणपत्र पाठवलं, आणि कळवण्यास आनंद होतो की उत्तर आलं! आपल्या रस्त्याच्या वेगमर्यादेचा फेरविचार होणार. पुढच्या आठवड्यात त्यांची माणसं येऊन गाड्यांचा वेग आणि पायी चालणारे मोजणार.

पद्धत मात्र ऐकण्यासारखी आहे. रस्ता मोकळा असताना शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात, तो आकडा आधी काढतात आणि तिथून विचार सुरू करतात. म्हणजे चोरांना विचारून कुलूप निवडायचं! मी तसं त्या अधिकाऱ्याला बोललोही. तो हसला आणि म्हणाला की अपघात, शाळा, घरं, पायी ओलांडणारे, हे सगळं मग त्यात धरतात. बघू.

सोसायटीचा अध्यक्ष म्हणून मी माझी तयारी केली आहे. तपासणीच्या दिवशी कुणी रस्त्यावर गर्दी करायची नाही, कामवाल्या आणि ड्रायव्हर मंडळींनी मागच्या गेटने जायचं, अशी नोटीस लावली. तुमच्या सेक्रेटरीलाही तीच पाठवली. गेटवर कुंड्या मांडल्या. साहेब येणार म्हटलं की जागा नीटनेटकी हवी, हे मी नोकरीभर पाळत आलो.

तुझी हिरवी साडी रोज लांबून छान दिसते. मात्र तुझ्या पेनाची शाई हल्ली फिकी येते. जाड टोकाचं पेन घे आणि अक्षर जरा मोठं काढ. कागदाची काटकसर करण्याचे दिवस गेले.

तुझ्या नातीला, पूर्वीला पापा. तुझ्या चहाची वाट पाहणारा,
दादा


आर. के. पुरम
२२ सप्टेंबर २०२५

ती. विश्वनाथकाकांस,
मानसचा कृ. सा. न. वि. वि.

काका, मराठीत पत्र लिहायची प्रॅक्टिस शाळेनंतर गेली, चुका पोटात घाला. फोनवर बोललो असतो, पण मागच्या वेळी मी रिपोर्ट म्हणालो आणि तुम्ही अर्धा तास एअरपोर्टबद्दल बोलत होतात. आत्यालाही या पत्राची कॉपी पाठवतो आहे.

माझं खातं वेगळं असलं तरी रस्त्यांचंच आहे, त्यामुळे तुमच्या रस्त्याचा ड्राफ्ट मला पाहता आला. बातमी चांगली नाही. गाड्यांचा वेग पाटीपेक्षा पुष्कळ जास्त निघाला. तेवढ्याने बिघडलं नसतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं असतील आणि माणसं सतत ओलांडत असतील तर मर्यादा खाली आणता येते, बिल्कुल आणता येते. पण त्या दिवशी सकाळी आठपासून दिवसभर तिथे कुणी रस्ता ओलांडलाच नाही! त्यांनी लिहिलं आहे की पायी वाहतूक नगण्य, सबब साठ कायम ठेवावी.

मी मोजणी करणाऱ्या सुजयला विचारलं. तो म्हणाला की दोन्ही गेटं इतकी शांत होती की त्याला वाटलं सोसायट्या रिकाम्या आहेत. कुंड्या मात्र सुंदर होत्या म्हणे.

काका, रागावू नका, पण ही तपासणी तुमची नव्हती, रस्त्याची होती. त्रास जसा आहे तसा त्यांना दिसायला हवा होता. मुळात लोक घाबरून ओलांडत नाहीत, म्हणून कुणी मोजलं जात नाही, आणि कुणी मोजलं जात नाही म्हणून रस्ता तसाच राहतो. या चक्रातून सुटायला एक उपाय आहे. हरकत नोंदवा, पुन्हा मोजणी मागा. दिवाळीनंतर होईल.

काकू असत्या तर त्यांनीच तुमची नोटीस फाडली असती. सुधन्वादादा आणि मीनाक्षीवहिनींना नमस्कार. आपला लोभ माझ्या मराठीवर अवलंबून नसावा.

आपला,
मानस


द्वारका
२४ सप्टेंबर २०२५

चि. प्रभा हिस,
अनेक आशीर्वाद.

मानसचं पत्र तुलाही मिळालंच असेल. माझी अक्कल काढायची असेल तर मोठ्या अक्षरात काढ.

काल दिवसभर खोलीतून बाहेर आलो नाही. आयुष्यभर वरच्या माणसाला सगळं ठीक आहे असं दाखवण्यात गेलं. जिथे काहीच ठीक नव्हतं, तिथेही मी कुंड्या मांडल्या. मीनाक्षी बिचारीने नुसता चहा आणून ठेवला, त्यानेच जास्त लागलं.

हरकत नोंदवली आहे. या वेळी मी स्वतः खाली येऊन उभा राहणार आहे.

स्केचपेन मिळतात का बघ. काळं हवं.

तुझा वेंधळा,
दादा


द्वारका
२५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
प्रभाचा शि. सा. न. वि. वि.

पूर्वीच्या दप्तरातलं काळं स्केचपेन पळवून लिहिते आहे. एका पानावर सातच ओळी बसतात. बालवाडीच्या वहीत लिहिल्यासारखं वाटतं.

कुंड्यांवरून मी तुला महिनाभर बोलणार होते, पण परवाच्या भाऊबीजेने सगळा राग धुऊन नेला. परीक्षित गुरुग्रामहून लवकर निघाला होता, तरी जॅममध्ये अडकला, आणि पोचला तोवर तुझी निजायची वेळ झाली होती. शेवटी मीनाक्षीने व्हिडिओ लावला आणि मी फोनला ओवाळलं. समोर घर दिसतं आहे, भाऊ आत आहे, आणि मी निरांजन घेऊन मोबाइलपुढे उभी! तू तर कॅमेऱ्याऐवजी भिंतीकडेच बघत होतास. पूर्वी हसली. मला रडू आलं, ते मी तिला धूर गेला म्हणून सांगितलं.

आणि हो, मागे हिरव्या साडीचं लिहिलं होतंस. अरे, ती साडी नव्हे! कबुतरांसाठी परीक्षितने जुलैपासून बाल्कनीला हिरवी जाळी लावली आहे. मी जाळीमागून पदर हलवते. चष्मा बदलून घे, म्हाताऱ्या.

पुन्हा मोजणी मंगळवारी, अठरा नोव्हेंबरला आहे ना? मी ओलांडणार आहे. परीक्षितला सांगितलेलं नाही. अनारसे ठेवलेत तुझ्या वाटणीचे.

माया आहे तशीच ठेव.
प्रभा


द्वारका
१९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न.



काल मी धीरजला म्हटलं की आज मीच सरकारी काम आहे, मला अडवलंस तर तुझ्यावर कागद येईल. तो गोंधळला आणि कडेपर्यंत सोबत आला. आमच्या इमारतीतली आणखी चार-पाच माणसं होती. ती तरुण, पळाली आणि पोचली. मी दुभाजकापर्यंत आले. पुढे पाऊल पडेना. एक लोंढा सरला की लांबच्या चौकातला सिग्नल पुढचा लोंढा सोडतो. विमानतळाच्या टॅक्सी इतक्या जवळून जात होत्या की पदर ओढला जात होता. एका हातात अनारशांचा डबा, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला, ना पुढे जाता येई ना मागे. दादा, मी फार घाबरले होते.

आणि तू समोरच उभा होतास. मी ओरडले, ते तुला ऐकू येणार नव्हतंच. पण तू थेट माझ्याकडे पाहत होतास आणि तुझ्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मीनाक्षीने तुझं कोपर धरलं होतं. तिने मला पाहिलं, तुझ्या कानाशी वाकून सांगितलं, आणि तू आनंदाने हात हलवायला लागलास. बसस्टॉपकडे तोंड करून.

किती दिवस झाले? रोज आठला तू टॉवेल कुणाला हलवत होतास? शाई फिकी, पेन बारीक, काय काय थापा मारल्यास! कान गेले तेव्हा सांगितलंस, मग डोळे जाताना का लपवलंस?

धीरजने मला धरून मागे आणलं. मोजणारी मुलगी गोड होती, तिने पाणी दिलं. मी विचारलं की मला धरलंस ना. ती ओशाळून म्हणाली की पूर्ण ओलांडणाऱ्यांनाच धरायचं असतं, अर्ध्यातून परतलेल्यांना नाही. म्हणजे एवढं करून मी मोजलीही गेले नाही.

संध्याकाळी परीक्षितला सगळं कळलं. तो ओरडला नाही, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. आता मला मागच्या गेटनेही बाहेर पडू देणार नाही.

खरं काय ते लिही. नाहीतर लिहवून घे.

तुझी,
प्रभा


द्वारका
२० जानेवारी २०२६

चि. प्रभा हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मीनाक्षीचं आहे, शब्द माझे. दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण हे तिच्यासमोर बोलायचा धीर होत नव्हता.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. तुला सांगितलं असतं तर तू पत्रं थांबवली असतीस. फोन आधीच संपला होता, रस्ता बंद झाला होता, पत्रंही गेली असती तर माझ्याकडे तुझं काय उरलं असतं? टॉवेल मी अंदाजाने हलवत होतो. तू तिथे असणार हे ठाऊक होतं, दिसायची काय गरज?

मानसने कळवलं की निर्णय झाला. साठची पन्नास झाली. पायी ओलांडायला सिग्नलची शिफारस आहे, पण तो विषय दुसऱ्या खात्याकडे गेला आहे. खाती मला ठाऊक आहेत. तो सिग्नल मला दिसणार नाही, हे मी जाणून आहे.

मला कोंडल्यासारखं होतं गं. घरात सगळी माणसं चांगली आहेत, पण ती ओठ हलवतात आणि मी मान डोलावतो.

आता थकलो. आशीर्वाद.
दादा

ता. क. आत्या, हे माझं. बाबांच्या डाव्या कानाशी, अगदी जवळ बसून, सावकाश बोललं की सगळं ऐकू येतं. पण आमची ऑफिसं, तेवढा वेळ दोघांपैकी कुणालाच निघत नाही. तुमच्याशिवाय ते कुणाशी नीट बोलतही नाहीत. मागची खोली रिकामी आहे. तुम्हाला कसं विचारावं कळत नव्हतं. — मीनाक्षी


द्वारका, अजून तरी अलीकडून
३१ जानेवारी २०२६

ती. दादास,
प्रभाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कल्पनाच्या हाती नाही, मीनाक्षीलाही वाचू देणार नाही. उद्या रविवार आहे. परीक्षित मला गाडीने लांबचा वळसा घालून तुमच्याकडे सोडणार आहे. सोबत बॅग आहे. हे पत्र मी तुझ्या डाव्या कानाशी बसून स्वतः वाचीन, आणि मध्ये मध्ये तू हुंकार द्यायचा आहेस.

नवी पाटी काल लागली. पन्नास. तासभर खिडकीत बसून पाहिलं. एकाही गाडीने तिच्याकडे मान वळवली नाही. मानस म्हणतो की नुसत्या पाटीने वेग उतरत नाही, रस्ताही बदलावा लागतो, आणि त्याला वर्ष लागेल. आपण दोघं सहा महिने रोज जाऊन परत येण्याच्या मागे लागलो होतो. जाऊन राहावं, हे मेलं कुणालाच सुचलं नाही. भाच्याच्या संसारात कसं जाऊन राहायचं, अशी मलाही लाज होती. मीनाक्षीच्या चार ओळींनी ती गेली.

परीक्षितला सांगितलं. मग त्यानेच माळ्यावरून बॅग काढली. पूर्वीचं मात्र अवघड आहे. शाळेतून आल्यावर तिला मीच लागते. ती रुसून विचारत होती की तू परत कधी येणार. मला खोटं सांगता आलं नाही. म्हटलं, रोज आठला बाल्कनीत ये, मी तिकडून टॉवेल हलवीन, तू जाळीमागून फ्रॉक हलव. तिचं मराठी कच्चं आहे, तरी पत्र लिहीन म्हणाली. कल्पनाला काम आहेच.

बाबा गेले आणि माझं माहेर संपलं, असं मी धरून चालले होते. ते समोरच्या फुटपाथवर होतं.

इथे अडकले, दुभाजकावर अडकले. आता अडकायचंच आहे, तर तुझ्या बाजूला अडकते. चहा मीच करीन, तू फक्त कान इकडे कर.

तुझी,
प्रभा