बाल्कनीतली फुलगळ

चिंचवड, १६ मार्च २०२५

ती. कस्तुराअक्कास,
रतनचा सविनय जयभीम वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुझ्याखेरीज दुसरं न्यायासन उरलेलं नाही. आमच्या बाल्कनीतल्या टोमॅटोच्या झाडांनी संगनमत करून मला फसवलं आहे. झाडं माझ्या छातीला लागली. पाला असा की खाली एखादं शेरडू सहज पोसावं. फुलं रोज येतात, पिवळीधमक येतात, आणि रोज गळतात. फळ म्हणून एक नाही. इतकी वर्षं पालिकेच्या शाळेत संस्कृत शिकवतोय, धातुरूपांत नापास झालेली पोरं पाहिली, पण एवढ्या उत्साहाने नापास होणारं कुणी पाहिलं नव्हतं.

सोसायटीत प्रत्येकाकडे उपाय आहे. कुणी ताक घाला म्हणतं, कुणी केळ्याची सालं. शालनने ताक घातलं. घरभर आंबूस वास सुटला, फुलं मात्र आपल्या मताला चिकटून राहिली. मग मी युरिया घातला. जरा सढळ हाताने पडला असेल, कारण पिशवीवरची अक्षरं बारीक होती आणि चष्मा शाळेत राहिला होता. त्यावर पाला आणखी माजला.

झाडं खरं म्हणजे राजची. तुझ्या भाच्याला चाकणच्या कंपनीने दिवाळीआधी पुन्हा ब्रेक दिला, हे तुला ठाऊक आहे. दर वेळचंच ते. काही महिने राबवून घ्यायचं, मग ब्रेक द्यायचा, म्हणजे कायम करावं लागत नाही. आणि मग परत बोलवायचं. या वेळी बोलावणं आलं नाही. तेव्हापासून घरीच असतो, फारसा बोलत नाही. डिसेंबरात आपण होऊन टोमॅटोचं बी आणलं, कुंड्या भरल्या. सहा महिन्यांत आपण होऊन केलेली एवढी एकच गोष्ट. सकाळी गळलेली फुलं वेचतो आणि खिडकीच्या पट्टीवर ओळीने मांडून ठेवतो. ते काही बघवत नाही. म्हणून म्हटलं, एखादा तरी टोमॅटो लागला तर बरं.

तू आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलंस आणि आता नारायणगावात टोमॅटोच्या राजधानीत राहतेस, तेव्हा या रोगाचं निदान तूच कर. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि दोन खोल्यांच्या घरात मला बोलता येत नाही, म्हणून हा टपालाचा मार्ग. उत्तर शाळेच्या पत्त्यावर घाल. घरचं टपाल आधी राजच्या हाती पडतं.

दाजींना जयभीम. धाकट्यावर लोभ आहे तो ठेव, व्याजासकट.

तुझा,
रतन


नारायणगाव, २५ मार्च

चि. रतन यास अ. उ. आ.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले की मास्तरांनी युरिया घातला म्हणजे आता त्यांना पाल्याचीच भाजी करावी लागणार. खरंच आहे ते. नुसतं नत्र मिळालं की टोमॅटो अंगाने सुटतो आणि पोटाला विसरतो. युरिया बंद कर, पाणी मोजकं दे, राख टाक चिमूटभर.

पण एवढ्याने भागायचं नाही. फुलाचा देठ मधल्या गाठीशी पिवळा पडून तिथूनच तुटतो का, ते बघ. तसं असेल तर फूल फळलेलंच नाही, म्हणून झाडाने टाकून दिलं. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्याला दुसरं झाड लागत नाही. त्याला लागतो हेलकावा. वारा आला, भुंगा येऊन गुणगुणला, की आतले पराग झडतात. आणि लागतो गारवा. दुपारी पस्तीसच्या वर गेलं, रात्रही उकडती राहिली, की पराग चिकट होतात, जळतात. मग फूल कितीही देखणं असो.

आता मला सांग, सातव्या मजल्यावर तुमच्याकडे वारा म्हणजे कपडे उडवून नेणारा. गेल्या वर्षी माझी ओढणी थेट आकुर्डीकडे निघाली होती. मग झाडांना वारा लागत नाही तो कसा? आणि तू लिहितोस फुलं खिडकीच्या पट्टीवर मांडतो. तुमच्या बाल्कनीला खिडकी कधी झाली? तिथे उघडा कठडा होता.

तोवर रोज सकाळी बोटाने फुलांच्या दांडीला टिचकी मार. हळू. वर्गातल्या पोराच्या डोक्यात मारतोस तशी नको.

आणि रतन, अख्खं पत्र झाडांवर आणि पोरावर मोजून दोन-चार ओळी. राज कसा आहे? जेवतो का? झोपतो का? टोमॅटोचं मी सांगितलं, आता पोराचं तू सांग.

शालनला आशीर्वाद. मायेत कमी नाही, उत्तरात कमी पडू नकोस.

तुझी,
अक्का


चिंचवड, ५ एप्रिल

ती. अक्कास,
सविनय जयभीम वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे टिचकीविधी सुरू केला. रोज पहाटे स्नान करून शुचिर्भूत होतो आणि एकेका फुलापुढे उभा राहून अत्यंत आदराने टिचकी मारतो. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी शालनला विचारलं म्हणे, की सरांनी कुठली दीक्षा घेतली का. देठ गाठीशीच तुटतो, तू म्हणालीस तसा. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणून टांगला. दुपारी पारा बघून मला वाटलं यंत्र बिघडलंय. बिघडलेलं नाही.

बाल्कनीला खिडकी झाली ती अशी. जानेवारीच्या शेवटी सरकत्या काचा लावून घेतल्या. तुला इकडची धूळ माहीतच आहे, फाउंड्रीची काळी भुकटी, त्यात मेट्रोचं खोदकाम. शिवाय कबुतरं. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं जातात असं सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं. म्हणून काचा बसवल्या, आणि त्या बंद ठेवतो. कुलूपही आहे, किल्ली माझ्या शाळेच्या जुडग्यात असते. कबुतरांचा भरवसा धरता येत नाही.

राजनेच परवा कारण शोधून काढलं. तुझं पत्र त्याने पाहिलेलं नाही, पण कुठेतरी मोबाइलवर वाचलं. जेवताना आपण होऊन बोलला. म्हणाला, पप्पा, काचांमुळे होतंय, आत भट्टी झालीय, वारं येत नाही, सकाळी तरी उघडत जा. कितीतरी दिवसांनी त्याने एवढी लांब वाक्यं जोडली. मी काय करावं? मी त्याला कबुतरांपासून होणाऱ्या विकारांवर व्याख्यान दिलं. पार जेवण संपेपर्यंत. शालन मध्ये म्हणाली की अहो, पोरगं काहीतरी मागतंय. मी तिलाही गप्प केलं. तो बरं म्हणाला आणि उठला.

तेव्हापासून फुलं वेचत नाही. गळून कुंडीतच पडतात. पाणी शालन घालते.

तू विचारलंस, जेवतो का. वाढलं तर जेवतो. झोपतो का ते कळत नाही, कारण उजाडताना मी उठून बघतो तेव्हा डोळे मिटलेले असतात, पण श्वास झोपलेल्या माणसाचा नसतो.

उपाय असेल तर कळव, काचा न उघडता करण्यासारखा. लोभ कमी होऊ देऊ नकोस, एवढ्याच एका गोष्टीत मी अजून धाकटा आहे.

तुझा,
रतन


नारायणगाव, ८ एप्रिल

रतन,

आशीर्वाद आहेतच, ते लिहीत बसत नाही.

कबुतरांसाठी जाळी लावतात रे. कुलूप लावत नाहीत. कबुतरं काच सरकवून आत येत नाहीत आणि आतून बाहेरही जात नाहीत.

तू मला सांगत नाहीस, पण मी तुला दापोडीच्या त्या खोलीत लहानाचं मोठं केलंय. आई गेली तेव्हा तू दहा दिवस शब्दरूपं मोठ्याने म्हणत फिरलास, आणि लोक म्हणाले पोरगं किती अभ्यासू. मला माहीत होतं तू काय करत होतास. आताही तेच चाललंय. तेव्हा शब्दरूपं होती, आता टोमॅटो.

जानेवारीत त्या कठड्यापाशी काय झालं? मला नाही सांगितलंस तरी चालेल. पण राजला विचार. सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का म्हणून, याच शब्दांत. तू विचारलंस म्हणून त्याच्या मनात नसलेलं येणार नाही. शाळेत असताना एका मुलीबाबत आम्ही सगळ्या शिक्षिका अशाच गप्प राहिलो, विचारलं तर खूळ डोक्यात जाईल म्हणून. ती आज असायला हवी होती. त्यानंतर डॉक्टरांनी येऊन आम्हाला हे समजावलं, पण ते उशिरा झालं.

व्याख्यान देऊ नकोस. विचार आणि गप्प बस. मग त्याला डॉक्टरकडे ने, मनाच्या. पालिकेच्या दवाखान्यातही असतात. शालनला सांग. तिला माहीत नसेल तर आजच सांग, हे एकट्याने वाहायचं ओझं नाही.

काच न उघडता टोमॅटो लागण्याचा उपाय मला माहीत नाही.

मी अठरा तारखेच्या एस.टी.ने येते आहे. दाजी मागाहून येतील. मला ऐकू कमी येतं, पण दिसतं चांगलं. मी त्याच्याजवळ बसेन.

अक्का


चिंचवड, १७ एप्रिल

ती. अक्कास,

हे पत्र टाकत नाही, तू उद्या येशील तेव्हा हातातच देईन. तोंडाने मला सांगता यायचं नाही.

तू विचारलंस ते असं. जानेवारीत शाळा लवकर सुटली आणि मी दुपारीच घरी आलो. शालन अंगणवाडीत होती. राज बाल्कनीत स्टुलावर उभा होता, कठड्याच्या वर, एक हात भिंतीला. मला बघून खाली उतरला आणि म्हणाला, दोरी बांधत होतो, कपड्यांची. दोरी कुठेही नव्हती. मी म्हणालो, बरं, चहा टाकतो. दोघांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी काचवाल्याला बोलावलं. शालनला धूळ सांगितली, सोसायटीला कबुतरं सांगितली, आणि पुढे पुढे मलाही तेच खरं वाटायला लागलं.

चौदा तारखेला जयंतीची शाळेला सुट्टी होती. दर वर्षी तो सकाळपासून मंडळाच्या पोरांबरोबर असतो, यंदा त्याचे दोस्त खालून हाका मारून मारून निघून गेले. ढोल वाजत होते आणि तो काचेला कपाळ टेकून उभा होता. मी जाऊन शेजारी उभा राहिलो आणि विचारलं, तू सांगितलेल्या शब्दांत. मला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. म्हणाला, तेव्हा वाटत होतं. त्याच सकाळी ठेकेदाराचा फोन आला होता म्हणे, की आता परत परत विचारू नकोस, तुझं नाव काढलंय. म्हणाला, मग वर चढलो, खाली कुणीतरी गाडी धूत होतं, ते बघत राहिलो, आणि तुम्ही आलात.

मग म्हणाला, पप्पा, तुम्ही कुलूप लावलंत तेव्हाच मला कळलं की तुम्हाला कळलंय. मला वाटलं, आता बोलाल. रोज वाटायचं. तुम्ही कबुतरांचं बोललात.

अक्का, मी त्याचा हात धरला. तो लहानपणानंतर पहिल्यांदा धरला असेल. शालनला त्याच्यासमोरच सांगितलं. ती आधी माझ्यावर ओरडली, मग त्याला जवळ घेऊन बसली, आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

काल डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई आहेत, शांत. राजशी एकट्याशीच बोलल्या, बराच वेळ. गोळ्या दिल्या आहेत, दर आठवड्याला यायला सांगितलंय. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतो, तोवर घरात एकटं ठेवू नका म्हणाल्या. शालनने रजा टाकली आहे. मी परीक्षा संपेपर्यंत जातो, पुढे सुट्टीच आहे. सकाळी मी असेपर्यंत काचा उघडतो आणि आम्ही दोघं तिथे खुर्च्या टाकून बसतो. त्याने विचारलं म्हणून मी त्याला खरं सांगितलं की मी जाताना कुलूप लावून जाणार आहे, आणि का ते. तो म्हणाला, लावा.

तू येते आहेस, बरं झालं. माझ्यावरचा लोभ या वेळी त्याच्या नावावर कर.

झाडांचं आता काही व्हायचं नाही. ऊन फार वाढलं, हंगाम गेला. मला त्यांचं काही वाटत नाही, आणि पहिल्या पत्रातही वाटत नव्हतं. मला राजची भीती वाटते. तो जेवतो, गोळी घेतो, विचारलं की बरं आहे म्हणतो, आणि तरी भीती वाटते. शाळेतून परत येताना लिफ्टमध्ये मी मजले मोजतो. बेल वाजवतो आणि दार त्याने उघडावं, एवढंच मनात असतं. आज त्याने उघडलं. उद्याचं मला माहीत नाही.

रतन