थोडं म्हणजे किती

४ मार्च
सून दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आहे. नवं यंत्र तयार करतेय — दुखणं ऐकून डॉक्टरांना सल्ला देणारं. जुन्याला फक्त हो किंवा नाही कळायचं. याला ‘थोडं’, ‘बऱ्यापैकी’, ‘फार’ — मधलं सगळं चालतं! हे म्हणाले, “म्हणजे चवीपुरतं मीठ कळणारं यंत्र.” ती म्हणाली, “अगदी तसंच, बाबा.” पुष्कळ लोकांना विचारत बसली होती म्हणे — तुमचं थोडं म्हणजे किती? त्यावरून माप बसवलं.

संध्याकाळी गच्चीवर कपडे आणायला जाताना जिन्यात बसून माळ ओढली. हल्ली तिथं जप छान होतो.

९ मार्च
यांचं पोट कालपासून दुखत होतं. दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी विचारलं, किती दुखतंय? “थोडंसं.” यंत्र म्हणालं — घरी जा, वाट पाहा. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं मात्र, यांनी टेबलाची कडच धरली! अपेंडिक्स. लगेच ऑपरेशन. देवानं राखलं.

१० मार्च
बरे आहेत. चहा मागितला — मिळाला नाही.

१३ मार्च
घरी आणलं. सुनेनं यांच्या पाठीशी उशी लावली. मग म्हणाली, “बाबा, बोलण्यातसुद्धा काटकसर?”
“हिच्या हाताखाली तयार झालोय!”
घ्या! आता हेही माझ्याच माथी.
सून म्हणते, चूक तिची. सगळ्यांचं थोडं एकाच मापानं धरलं. आता यंत्र पुढंही विचारणार — त्या दुखण्यापायी कुठलं काम अडतं?

१९ मार्च
सून घरीच लॅपटॉप उघडून बसली — नवे प्रश्न आधी माझ्यावर!
“आई, दम लागतो?”
“थोडासा.”
“काम अडतं?”
“छे! एकही नाही.”
आतून हे ओरडले, “जिन्यात बसते की! चार पायऱ्या झाल्या की माळ बाहेर!”
मी म्हटलं, देवाचं नाव घ्यायला जागा पाहावी लागते का?
सुनेची बोटं थांबली. यंत्रानं काय सांगितलं ते वाचून दाखवलं नाही. नुसती माझा हात धरून बसली.

२० मार्च
आज छातीची तपासणी. पिशवी भरली, माळ घेतली. सुनेनं बजावलंय — तिथं ‘थोडं’ म्हणायचं नाही. आधी इथं लिहून पाहते.
खूप दम लागतो. खूप.