फाईलवरचं नाव

४ मार्च

आज तीन प्रकल्प परत पाठवले. लोक मुक्त सॉफ्टवेअर लिहितात, आमच्या संकेतस्थळावर ठेवायला पाठवतात, आणि मी ऑफिसातून आल्यावर, फुकटात, एकेक फाईल उघडून बघतो — वर लेखकाचं नाव आहे का, वर्ष आहे का, परवाना कोणता. नाव नसेल तर परत. सगळे मला हेडमास्तर म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण मला आवडतं.

६ मार्च

'टिटवी' या नावानं एक मुलगी प्रकल्प पाठवते आहे. शाळेचं वेळापत्रक आपोआप लावून देणारा. चौथी खेप. चिकाटी आहे, पण आज पकडली! दोन तास एकमेकांवर येऊ न देणारी फाईल — ओळ न् ओळ माझ्या प्रोग्राममधली. बारा वर्षांपूर्वीची. मी वरची ओळ वाचलीसुद्धा नाही. माझं लेकरू मी ओळखणार नाही?

सगळ्यांना दिसेल असं तिच्या पानावर लिहिलं — दुसऱ्याचं नाव पुसून त्याचं काम आपलं म्हणून मिरवणं ही चोरी आहे. सहा जणांनी दुजोरा दिला. झोप छान लागली.

७ मार्च

तिचं उत्तर आलं. आदळआपट नाही, काही नाही. "सर, ही फाईल आमच्या शाळेतल्या बाईंची. त्यांनी वर्गात सगळ्यांना दिली होती. वापरा, फक्त नाव ठेवा म्हणाल्या. मी ठेवलंय. पहिली ओळ बघाल का?"

बघितली. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या वहिनींचं नाव. वर्ष माझ्या प्रोग्रामच्या दोन वर्षं आधीचं.



८ मार्च

'मी विसरूनच गेलो होतो' असं लिहिलं आणि खोडलं. लख्ख आठवतंय. दादाच्या स्वयंपाकघरातलं टेबल. वहिनी भाजी निवडता निवडता सांगत होत्या, "भाऊजी, ज्या शिक्षकाला सगळ्यात कमी वेळ मोकळा, त्याला आधी बसवा. बाकीचे आपोआप बसतात." मग फाईलच देऊन टाकली. उरलेला प्रोग्राम मी लिहिला, आणि प्रसिद्ध करताना वरची ओळ बदलली. म्हटलं, घरचंच तर आहे. एकच नाव दिसायला बरं दिसतं. त्याच प्रोग्रामवर नोकरी मिळाली.

इतकी वर्षं लोकांची नावं तपासतोय. कुठल्या तोंडानं?

९ मार्च

काही केलं नाही. टिटवीला अजून चोर म्हणताहेत. माझंच वाक्य वापरून.

१० मार्च

गप्प राहिलो तर ती बाद, बोललो तर मी. दादाकडे गेलो. तो घरी नव्हता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

सगळं सांगितलं. त्यांनी हातातली घडी पुरी केली. "मला ठाऊक आहे. तेव्हाच पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही स्वतःहून सांगाल." मग म्हणाल्या, "आधी त्या मुलीचं बघा."



११ मार्च

लिहिलं. फाईल कोणाची, नाव कोणी पुसलं, सगळं. टिटवीची माफी मागितली. तिचा प्रकल्प दुसऱ्या तपासनिसानं मंजूर केला. मी हे काम सोडलं.

आणि लोक माझंच कौतुक करताहेत! 'केवढा हा प्रामाणिकपणा!' मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं लिहायचं तर, आत कुठेतरी बरंही वाटलं. त्याची वेगळी लाज.

१३ मार्च

दादाचा फोन. "सांगून टाकलंस, बरं केलंस. तुझा प्रोग्राम आला त्याच वर्षी हिच्या शाळेत संगणक विभाग निघाला, तेव्हा हिनं प्रमुखपदासाठी अर्ज केला होता. सोबत हीच फाईल. शाळेनं ती इंटरनेटवर शोधली, तर तुझं नाव. दिराचं काम चोरलं म्हणून सगळ्यांदेखत अर्ज परत केला."

मी विचारलं, खरं काय ते वहिनींनी का नाही सांगितलं?

"तुझी नोकरी नवी होती ना," दादा म्हणाला.