खिशातलं पत्र्याचं विमान

बाबा, मागच्या आठवड्यात मी चुकलो आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटून राहिलंय. तुम्ही गेलात तेव्हा मला भरती होऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून आधी सांगतो मी काय करतो. आमचं चार पंख्यांचं मोठं मालवाहू विमान आहे, त्याचं मागचं दार उतरणीसारखं खाली उघडतं. ते कच्च्या पट्टीवरसुद्धा उतरतं, कमांडोंची छोटी तुकडी सोडतं आणि निघून येतं. पुढे वैमानिक असतात. मागे सामान आणि उडी घेणारी माणसं सांभाळतो तो लोडमास्टर, म्हणजे मी. आम्ही मोजून थोडी माणसं. तुम्ही हसला असता, कारण आपल्या जबलपूरला खमरियाच्या फॅक्टरीत तुमच्या खोलीच्या दारावरही पाटी होती, आत फक्त चार माणसं. दारूगोळा भरायचं काम, पाचवा आला की एकाने बाहेर यायचं.

तुमचा नियम मला अजून पाठ आहे. आत जाण्याआधी आपला खिसा आपण तपासायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा. काडेपेटी, किल्ली, लोखंडाचा तुकडा, काही म्हणजे काही नाही. तुम्ही चौघांचे मुख्य, तरी तुमचा खिसा सगळ्यात नवा माणूस बघणार. तेव्हा सिहोऱ्याहून बसने येणारे ते काका नवे होते. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे, मी दुसरीत आहे. तुम्हीच आणून दिलेलं बोटाएवढं पत्र्याचं विमान मी सकाळी तुमच्या शर्टाच्या आतल्या खिशात गुपचूप घालतो. जेवणाच्या सुट्टीत सापडेल, तुम्ही खूश व्हाल, एवढीच माझी अक्कल. आई डबा भरून राहिली आहे, तिला दिसत नाही. संध्याकाळी तुम्ही सायकल टेकवून आत आलात, विमान फडताळावर ठेवलंत आणि आईला सांगितलंत की माझ्याच खिशात राहून गेलं, नव्या माणसाने दाराशीच पकडलं, बरं झालं. मेमो मिळाला, त्या वर्षीची बढती दुसऱ्याला गेली. आई काकांवर चिडली, आल्या आल्या मोठेपणा दाखवतो म्हणाली, आणि तुम्ही त्याच रविवारी त्यांना जेवायला बोलावलंत. मी आतल्या खोलीत दडून बसलो, पुरी खायलाही आलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून निघताना तुम्ही दाराशी हात वर करून उभे राहायचात आणि मला म्हणायचात, चल, तपास. एकदा शाळेला उशीर होत होता म्हणून मी नुसतं वरून थोपटलं, तर केवढे रागावलात. "काहून रे, घाई काहून करून राहिला? माणूस घरी परत यायला पाहिजे ना?"

आता मागच्या आठवड्याचं. सरावाची उडी होती, लख्ख दुपार. विमानात चढण्याआधी आम्ही एकमेकांचे खिसे बघतो आणि मागचं दार उघडण्याआधी एकमेकांचे पट्टे, कारण दाराशी उभ्या माणसाला तो पट्टाच धरून ठेवतो. इतक्या वर्षांचा अनुभव असलेला मी, पट्ट्याचा हुक लावला आणि कोणाची वाट न बघता झालं म्हणून खूण केली. महिन्याभरापूर्वी आमच्या विमानावर आलेल्या सार्जंटने माझ्या छातीवर हात ठेवला. हुक नुसता अडकला होता, बंद झाला नव्हता. त्याने थांबायची खूण केली, उडीची वेळ हुकली, विमानाला पुन्हा फेरी मारावी लागली. खोटं कशाला बोलू, मला त्याचाच राग आला. खाली उतरल्यावर आम्ही सगळे गोल बसतो, तिथे हुद्दा चालत नाही. कॅप्टनने विचारलं, उशीर कोणामुळे? सार्जंट जमिनीकडे बघत बसला. मी गप्प राहिलो असतो तर नवा आहे, उगाच थांबवलं, असं त्याच्यावर गेलं असतं आणि आमच्यातली त्याची जागाही गेली असती. मग मी म्हणालो, "हुक मेरा था, सर. इसने ठीक रोका." माझ्या नावावर शेरा लागला आणि तो आमच्यात पक्का झाला.

रजा घेऊन मी जबलपूरला आलो आणि तडक रांझीला त्या काकांकडे गेलो. थकलेत खूप, पण चहा स्वतःच करतात. एवढ्या वर्षांनी त्यांना सांगितलं, ते पत्र्याचं विमान मीच ठेवलं होतं. ते बशीत चहा ओतत राहिले.

"तुझ्या बाबाले त्याच दिवशी समजलं होतं रे. साहेबासमोर लेकराचं नाव कसं घेतील? म्हणून तर खिसे तुलाच तपासायला लावत."

बाबा, त्या विमानावरून एकदा रागवायचं तरी होतंत. मी काकांच्या खाटेवर बसून रडलो, आणि मग चांगला दोन कप चहा प्यायलो. फार हलकं वाटतंय. उद्या परत निघायचंय, परवा उडी आहे. हे पत्र कुठे पाठवणार? शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलंय. विमानात चढण्याआधी सार्जंट माझे खिसे बघेल, हा कागद बाहेर काढेल आणि हे काय म्हणून विचारेल, मग मी त्याला तुमचं सगळं सांगेन. मी विसरून ठेवलेलं नाही, बाबा. त्याला सापडावं म्हणून ठेवलंय.