तिन्ना घोडीची आणि बाकीच्या चीजवस्तूंची व्यवस्था

मी, साल्वर केतिल्सदोत्तिर, राहणार स्कार्दसेल, स्कागाफ्योर्दुर, धंदा घोडे पाळणे आणि विकणे, आज पाद्रीबुवा सिग्फुस यांना स्वयंपाकघरात समोर बसवून हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे कामातून गेलेत, डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लावली असती तर मला आवडली असती. याआधी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

एक. घर, गवताची कुरणं आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझी पुतणी थोरा हिला. अट काही नाही, विनंती एकच. मागचं दार वाऱ्याने आपटतं, ते दुरुस्त करायला तिने आपल्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, बोलावू नये. मागे त्याने दुरुस्त केलं, तेव्हापासूनच ते आपटतं.

दोन. माझं जुनं खोगीर मात्र त्याच भावाला, बेर्गुरलाच द्यावं. उसनं नेऊन त्याने ते पावसात टाकलं आणि वर म्हणाला, "चामडं आधीपासूनच कडक होतं." आता त्याच्याच बुडाला कळू दे. नाल ठोकायची हत्यारं, लगाम आणि बँकेत असेल नसेल ते थोराला.

तीन. माळ्यावरच्या पेटीत घोडे मागणाऱ्यांची पत्रं आहेत. पुढे पत्रं संपून संगणक आला, तरी मी प्रत्येक चौकशी छापून घेऊन त्यातच ठेवली. ती सगळी जाळावी. मी शाळेत फारशी गेले नाही, पण माणूस कसं लिहितो यावरून तो घोड्याला कसं वागवील हे मला कळतं, असा माझा लौकिक होता आणि तो मीच पसरवला होता. "अजून आहे का?" एवढंच लिहिणाऱ्याला मी उत्तर देत नसे. आधी रंग विचारणारा बाद. तीन पानं स्वतःबद्दल लिहून घोड्याचं नावही न घेणाऱ्या एका गृहस्थाला मी कळवलं होतं, "तुम्हाला आरसा हवा आहे, घोडा नको." यावर गावात सगळे हसले. मला ते हसणं फार गोड लागलं.

चार. द्रीफा. या करड्या घोडीवर आता माझा हक्क नाही, पण तिच्यासाठी कलम हवंच.

द्रीफाला विकायचं ठरलं तेव्हा दोन चौकशा आल्या. एक जर्मनीहून, आन्नेग्रेटबाईंची. त्यांनी विचारलं होतं, "कळपात तिची मैत्रीण कोण?" असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी तो भावाला वाचून दाखवला, दुकानात वाचून दाखवला. उत्तर लिहिलं, तिन्ना नावाची काळी घोडी, दोघी एकमेकींच्या मानेवर मान टाकून उभ्या राहतात. आणि मग द्रीफाला एकटीलाच विकून टाकलं. बाईंचा प्रश्न मला इतका आवडला, की माझं उत्तर मलाच ऐकू आलं नाही.

दुसरी चौकशी ओढ्यापलीकडच्या ह्याल्ती ब्रांद्सनची. ती अशी: "द्रीफा मला. ह्याल्ती." ना नमस्कार, ना प्रश्न. मी लिहून कळवलं की ज्याला घोडीबद्दल एकही गोष्ट विचारावीशी वाटत नाही, त्याला मी घोडी देत नाही. द्रीफा जन्मताना आईच्या पोटात आडवी आली होती तेव्हा ह्याल्तीनेच खांद्यापर्यंत हात घालून तिला ओढून काढलं होतं. तो काय विचारणार? सगळं त्याला माहीत होतं.

आमच्या देशातून बाहेर गेलेलं घोडं कायद्याने परत येत नाही. तिकडे उन्हाळ्यात बारीक चावऱ्या माश्या असतात, आमच्या घोड्यांच्या कातडीला त्या सोसत नाहीत. मला हे ठाऊक होतं. द्रीफा मान घासून घासून रक्त काढते. बाई तिला झूल घालतात, जाळीचा गोठा बांधला, दर उन्हाळ्यात मला लिहितात. माझ्या पश्चात थोराने त्यांना कळवावं की चूक त्यांची नव्हती. हे मला स्वतःला लिहवलं नाही.

पाच. तिन्ना घोडी ह्याल्ती ब्रांद्सन यास द्यावी.

हे कलम का खोडलं, ते इथेच नोंदवते. साक्षीदार म्हणून मी ह्याल्तीलाच बोलावलं होतं. माझं ते नकाराचं पत्र गेल्यापासून तो माझ्या घरात आला नव्हता. कुंपणाशी भेटला तरी घोड्यांशी बोलायचा, माझ्याशी नाही. आज आला, टोपी न काढता बसला आणि सगळं वाचलं. तेवढ्यात पाद्रीबुवा खाकरले, "ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार होता येत नाही, साल्वर."

"मला काय मिळणार आहे?" ह्याल्ती म्हणाला. "मला कोणी विचारलंय?"

"विचारतेच आहे की."

"हे विचारणं नव्हे. हे तू मेल्यावरचं सांगणं झालं. लिहून विचार. आम्हा शेजाऱ्यांना तशीच शिस्त लावलीयस ना?"

"अहो, कॉफी निवतेय," पाद्रीबुवा म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

मी कागद घेतला. लिहिलं: "ह्याल्ती, द्रीफा गेल्यापासून तिन्ना कळपात एकटी उभी राहते. तिला तुझ्याकडे नेशील का? साल्वर."

त्याने कागद हातभर लांब धरून वाचला.

"रंग लिहिला नाहीस."

"काळी आहे. तुला माहीत आहे."

"मला माहीत होतं, तेव्हा तुला चाललं नव्हतं."

पाद्रीबुवा खिडकीबाहेर बघत राहिले. ह्याल्तीने कागदाची घडी करून खिशात घातली.

"तू मरायची वाट कशाला बघू? दावं कुठंय?"

"दाराशी, खिळ्याला."

तो तिन्नाला ओढ्यापलीकडे सोडून परत आला. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते. तिन्ना आता माझी नाही, म्हणून ती मला कोणाला देता येत नाही. सबब कलम पाच रद्द. या मृत्युपत्रातून ह्याल्तीला काहीही मिळत नसल्याने त्याने सही करायला हरकत नाही, असं पाद्रीबुवांचं मत पडलं.

वरचं सगळं मी लिहिलं, परत वाचलं आणि दोघांच्या देखत सही केली.

साल्वर केतिल्सदोत्तिर
स्कार्दसेल, २१ सप्टेंबर २०१९

साक्षीदार:

१. सिग्फुस ओर्नोल्फसन, पाद्री. सही माझ्यासमोर झाली. लिहिणारी पूर्ण शुद्धीत आहे.

२. ह्याल्ती ब्रांद्सन, शेजारी. सही माझ्यासमोर झाली. चौथ्या कलमातला मजकूर खरा आहे.