रेवाच्या काकाचं वय

कामोठे, पनवेल

ती. वसुंधरामावशीस,

अनुष्काचा नमस्कार, वाकून केला आहे असं समज. गुडघे कसे आहेत? जिने चढवत नसतील तर लोकांची लग्नं फोनवरूनच जमव, पण जिवाला जप. पत्र मुद्दाम लिहिते आहे, कारण तुला मोबाइलवर खाजगी काही पाठवलं की संध्याकाळपर्यंत ते चिपळूणपासून पनवेलपर्यंतचे सगळे नातेवाईक वाचतात.

माझी शिकवणी जोरात आहे. सहावीला बीजगणित सुरू केलं. क्ष म्हणजे कुठलीही संख्या, आपण घालू ती त्याची किंमत, एवढंच सांगितलं, तर निनादच्या आईचा फोन. "मिस, काल क्ष पाच होता, आज अकरा. एकदा काय ते फायनल करा ना, तो पाठ करून ठेवेल." (माझं खातं आहे त्याच बँकेत बाई नोकरीला आहेत, म्हणून मी गोड बोलले.) मग मी वयाचं उदाहरण घेतलं. तुमचं वय क्ष. त्यावरून घरातल्या कुणाचंही वय लिहा. मोठं माणूस आपल्याहून कितीने मोठं, तो आकडा जन्मभर तोच राहतो, फक्त क्ष वाढत जातो. मुलांना हे एकदम पटलं. रेवा फळ्यापाशी आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सत्यजीतकाका क्ष अधिक सत्तावीस." रेवा बारा वर्षांची. क्षच्या जागी बारा घातले आणि अख्खा वर्ग एकोणचाळीस म्हणून ओरडला.

आता मावशी, हा सत्यजीत म्हणजे तूच गेल्या महिन्यात, तुझ्याच शिकवणीतल्या रेवाचा काका म्हणून, मोठ्या कौतुकाने सुचवलेलं स्थळ, आणि तू पाठवलेल्या माहितीत त्याचं वय बत्तीस. मी रेवाला उत्तर पुन्हा तपासायला सांगितलं (दुसरं काय करणार?). ती म्हणाली, "मिस, मी झाले तेव्हा काका सत्तावीसचा होता. बाबांना विचारा." मला मनापासून वाईट वाटलं, कारण फोटोतला माणूस मला आवडला होता. पण पस्तिशीपर्यंत थांबले ती काही खोटारड्याशी संसार करायला नाही. तेव्हा माझा नकार कळव.

बाकी ठीक. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
अनुष्का

ता. क. पत्र टाकायच्या आधीच सत्यजीत रेवाला न्यायला आला. रेवाने वर्गातलं गणित घरी सांगितलं होतं, त्यामुळे मी विचारायच्या आत म्हणाला, "माझं वय एकोणचाळीस आहे. तुमच्या मावशींनीच सात कमी केले. म्हणाल्या, मुलगी अठ्ठावीसची आहे." मी माझं खरं वय पस्तीस सांगितलं, तर इतका हसला की रेवा दप्तर भरायची थांबली. मग आम्ही चहा घेतला. दोन्ही वयांतून सारखाच आकडा वजा केला तर फरक बदलत नाही, हे माझ्या वर्गाला कळायला दोन आठवडे लागले. तुला ते न शिकता येतं.

ता. क. २. वरचा नकार खोड. आम्हा दोघांचा होकार आहे. आईला तूच सांग, मला धीर होत नाही. फक्त एक कळव. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले म्हणालीस, त्या पत्रिका तू कुठल्या जन्मसालांवरून काढल्यास? ते गुण आमचे आहेत, की त्या बत्तीस आणि अठ्ठावीस वर्षांच्या दोघांचे?